पदव्युत्तर वर्गात डिझाइन थिंकिंग कसं शिकवायचं: मराठवाड्यातल्या प्राध्यापकांसाठी

एम.बी.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.एस्सी.च्या वर्गाला ‘गावातला एक प्रश्न निवडा आणि उपाय सुचवा’ असं सांगून बघा. पुढच्या तासाला निम्मे गट मोबाइल अ‍ॅप घेऊन येतात, उरलेले जनजागृती शिबिर. मुलं हुशार असतात, पण दहावी-बारावीपासून उत्तर झटपट काढायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. लातूर-नांदेडकडे तर त्या सवयीवर शिकवणी वर्गांच्या अख्ख्या गल्ल्या चालतात. डिझाइन थिंकिंग शिकवणं म्हणजे मुख्यतः ही घाई मोडणं. माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका करा, कल्पना काढा, नमुना बनवा, वापरून बघा: स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी.स्कूल’ या डिझाइन संस्थेमुळे जगभर पोहोचलेल्या या पाच पायऱ्या पाठ करायला अर्धा तास पुरतो. आपण सुरुवातीला जो प्रश्न धरला होता तो खरा नव्हताच, हे मुलांना स्वतः जाऊन कळायला मात्र अख्खं सत्र लागतं. म्हणून पुढे पहिल्या दोन पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे आणि बाकीच्यांवर कमी.

आधी सत्रात जागा शोधा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यात आलेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीला ४ क्रेडिट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत. प्रात्यक्षिक कामात एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे फील्ड प्रोजेक्टचे १२० तास हातात येतात. नवा पेपर मंजूर करून घेण्याच्या भानगडीत न पडता याच तासांत हा विषय बसतो. ऐच्छिक पेपर म्हणून घेता आला तर उत्तमच.

१२० तासांची माझी वाटणी अशी: थिअरी आणि सराव १२, क्षेत्रभेटी आणि टिपणं ४५, प्रश्न घडवणं १८, कल्पना ८, नमुना आणि चाचणी २५, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा १२. कल्पनांना फक्त ८ तास बघून सहकारी भुवया उंचावतील. उंचावू द्या.

विषय निवडताना कॅलेंडरआधी हंगाम बघा. फील्ड प्रोजेक्ट साधारणपणे दुसऱ्या सत्रात, जानेवारीनंतर येतो. तेव्हा मोंढ्यावर, म्हणजे धान्य बाजारात, तूर-हरभरा असतो, मार्च-एप्रिलात कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोड कुटुंबं परततात, आणि मग टँकरचे दिवस. पहिल्या किंवा तिसऱ्या सत्रात शिकवत असाल तर सोयाबीनची काढणी, परतीचा पाऊस आणि कोयत्यांसोबत (ऊसतोड जोडप्यांसोबत) निघून जाणाऱ्या पोरांची शाळा हे विषय जिवंत असतात. बीड-धाराशिवकडच्या गटाने ऊसतोडीचा प्रश्न दिवाळीनंतर हातात घेतला, तर ज्यांच्याशी बोलायचं ती माणसंच गावात नसतात.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. समजा, तिसऱ्या सत्रातल्या एका गटाने सोयाबीन घेतलंय आणि त्यांचा पहिला प्रश्न आहे: ‘शेतकऱ्याला योग्य भाव कळत नाही.’

पहिले दोन आठवडे: थिअरी थोडी, पण टोकदार

पदव्युत्तर वर्गाला नुसता रंगीत चिठ्ठ्यांचा खेळ देऊ नका. या विचारामागचा वाद त्यांना कळला पाहिजे. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६९ मध्ये मांडलं की आहे ती स्थिती हव्या त्या स्थितीत नेण्याची योजना आखणारा प्रत्येक जण डिझाइनच करत असतो, मग तो डॉक्टर असो की प्रशासक. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये याला मोठी खोच दिली. समाजातले काही प्रश्न असे असतात की त्यांची शेवटची व्याख्याच करता येत नाही, आणि प्रत्येक उपाय प्रश्नालाच बदलून टाकतो.

हे समजवायला परदेशी उदाहरण कशाला? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. फळ्यावर मधोमध ‘लातूरला पाणी नाही’ लिहा आणि मुलांना कारणं जोडत जायला सांगा: पाऊस, मांजरा धरण, बोअर, ऊस, कारखाने, उसाचा खात्रीचा पैसा, शहराची वाढ, गळकी पाइपलाइन. तासाभरात बाणांचं जाळं होतं आणि ‘ऊस बंद करा’ म्हणणारा विद्यार्थी स्वतःच विचारतो, मग त्या शेतकऱ्याने काय पिकवायचं? तिथे थांबा. उत्तर देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात, लातूर-धाराशिवच्या टप्प्यात असाल तर, किल्लारी परिसराची एक दिवसाची भेट ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. कोणत्या कुटुंबाला किती मोठं घर, हे त्यांच्याकडे जमीन किती यावर ठरलं. जुन्या गावठाणात भावकी एकमेकांना चिकटून राहायची, बोळ अरुंद असायचे, ओटे समोरासमोर. नव्या गावांत बहुतेक ठिकाणी सरळ रांगा आणि रुंद रस्ते आले.

प्रत्येक जोडीने एका घराचे दोन नकाशे काढायचे. घर मिळालं तेव्हा कसं होतं, ते घरच्यांना विचारून. आणि आज कसं वापरलं जातं, ते डोळ्यांनी बघून. चूल कुठे आहे, जनावरं कुठे बांधली, कडबा-कोठी कुठे, पत्र्याचं शेड कोणत्या बाजूला वाढवलं, माणसं संध्याकाळी कुठे बसतात? लोकांनी स्वतःच्या पैशाने जे जोडलं, त्यात मूळ आराखड्याने न विचारलेले प्रश्न सापडतात. मुलांना एवढं बजावून न्या की निवाडा करायला जायचं नाही; हजारो कुटुंबं उघड्यावर होती आणि घरं लवकर उभी करायची होती. याच पुनर्वसनाची दुसरी बाजूही वर्गात सांगा. जुन्या जागीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून जोडलं गेलं. माहिती घरोघरी न्यायची आणि घरातलं म्हणणं यंत्रणेपर्यंत पोहोचवायचं, हे त्यांचं काम. ‘माणसं समजून घ्या’ ही पायरी आपल्याच भागात, हे नाव न लावता, होऊन गेली आहे.

माणसांशी बोलणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मुलांची पहिली चूक ठरलेली. वही-पेन घेऊन गावात जातात आणि विचारतात, “तुम्हाला काय अडचणी आहेत?” गावाच्या लेखी हा सर्वे असतो, आणि सर्वेमागून अनुदान येतं हा लोकांचा अनुभव. मग एक तर मागण्यांची यादी मिळते, नाहीतर “बरं चाललंय की” एवढंच. दोन्हींतून हाती काही लागत नाही.

मुलांना मत विचारायला शिकवू नका, घडलेला दिवस विचारायला शिकवा. “मामा, मागच्या वेळी माल मोंढ्यावर नेला, तो दिवस सांगता का? घरून किती वाजता निघालात?” मग टेम्पोचं भाडं, गेटवरची रांग, आडतीपुढचा ढीग, ओलावा मोजायचं मशीन, सौदा, हमाली-तोलाई कापून हातात पडलेली पट्टी, असं सगळं क्रमाने येतं. ‘मग काय झालं?’ आणि ‘तेव्हा तिथं अजून कोण होतं?’ एवढे दोन प्रश्न बहुतेक मुलाखत चालवतात. बोलणारा गप्प झाला की विद्यार्थ्यानेही दहा सेकंद गप्प राहायचं. हे वर्गात आधी जोड्या लावून करून घ्या, कारण ती शांतता मुलांना सहन होत नाही. ती लगेच पुढचा प्रश्न टाकतात.

कुणाच्या ओट्यावर बसलात यावर गावात कोण तुमच्याशी बोलणार हे ठरतं. सरपंचाच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या दारात खुर्च्या टाकून बसलेल्या गटाकडे वस्तीवरचा माणूस येत नाही, आला तरी मोकळं बोलत नाही. प्रत्येक गटाला निदान तीन वेगळ्या आळ्यांत, वस्त्यांवर जायला लावा आणि पहिली भेट ओळखीच्या घरी नको असं सांगा. बायकांचं म्हणणं हवं असेल तर गटातल्या मुलींनी शेतात, नाहीतर दुपारी घरी जावं. अंगणात नवरा बसलेला असताना “ते सांगत्याल” हेच उत्तर मिळतं. सोयाबीन वाळवणं, वारवणं, पोती झाकणं ही कामं बऱ्याच घरी बायकाच करतात, त्यामुळे हा भाग राहून गेला तर निम्मा प्रश्न हातातून निसटतो.

शेतकऱ्यापाशी थांबू नका. आडत्या, मापाडी, हमाल, मळणीयंत्रवाला, टेम्पोवाला, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार यांच्याशी बोला. आडत्याला खलनायक ठरवून गेलेला गट रिकाम्या हाताने परततो. तो पेरणीच्या वेळी उचल देतो, लग्नाला पैसे देतो, आणि म्हणून माल त्याच्याकडेच जातो, हे त्याच्या गादीवर बसल्याशिवाय कळत नाही.

रेकॉर्डिंग आणि फोटोसाठी आधी विचारायचं, नाही म्हटलं तर फोन खिशात. आपण कॉलेजचे विद्यार्थी आहोत आणि यातून कोणतीही योजना मंजूर होणार नाही, हे पहिल्याच मिनिटाला स्पष्ट सांगायचं. अहवालात माणसांची नावं बदलायची.

टिपणं: त्यांच्याच शब्दांत

‘शेतकऱ्याने बाजार व्यवस्थेबद्दल नाराजी व्यक्त केली’ असं वाक्य वहीत दिसलं की ते खोडा. तो माणूस काय म्हणाला? “मशीनीनं पंधरा दाखवलं, म्या म्हणलं वापस न्यावं तर टेम्पोचं भाडं डब्बल.” हे लिहा. पहिल्या वाक्यावर पुढे काही रचता येत नाही. दुसऱ्यात ओलावा, परत नेण्याचा खर्च आणि नाइलाजाने झालेला सौदा, तिन्ही आहेत.

वहीचं पान उभं दोन भागांत करायला सांगा: डावीकडे पाहिलं-ऐकलं ते, उजवीकडे आपला अंदाज. भेटीच्याच दिवशी रात्री टिपणं पूर्ण झाली पाहिजेत. दर आठवड्याला एका गटाच्या चार पानांचं वर्गात जाहीर वाचन ठेवा. डाव्या रकान्यात घुसलेला अंदाज बाकीची मुलं बरोबर पकडतात, आणि त्या खेळात फार मजा घेतात.

प्रश्न बदलतो तो टप्पा

आता आपल्या सोयाबीनच्या गटाकडे या. टिपणं भिंतीवर लावली की पहिलं लक्षात येतं की भाव सगळ्यांना माहीत आहे. तो सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. अ‍ॅपची गरज तिथेच संपली. मग गट दुसऱ्या प्रश्नावर जातो: ओलाव्यामुळे भाव पडतो. हे खरं आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारण १२ टक्के ओलाव्याची अट असते, आणि २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. म्हणजे प्रश्न मोठा आहे, पण या वळणावर गट ‘सौर वाळवण यंत्र’ काढतो आणि पुन्हा उत्तराकडे पळतो.

त्यांना परत टिपणांकडे पाठवा. माल ओला असताना विकलाच का? मळणीची मजुरी द्यायची होती. दुकानाची उधारी होती. हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं होतं. दिवाळी तोंडावर होती. अंगण लहान, आणि ताडपत्री एकच. इथे एक हुशार विद्यार्थी शेतमाल तारण योजना शोधून आणेल: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, ६ महिन्यांसाठी. बाकीच्यांना वाटतं, झालं, उत्तर तर आहेच. मग तुम्ही विचारा: आहे, तर भेटलेल्यांपैकी किती जणांनी वापरलं आणि उरलेल्यांनी का नाही? पुन्हा एक क्षेत्रभेट. हा धक्का मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्याकडे पुष्कळदा उपाय अस्तित्वात असतो, आणि तो माणसापर्यंत का पोहोचत नाही हाच खरा प्रश्न असतो.

तिसऱ्या फेरीनंतर प्रश्न साधारण असा होतो: ‘दोन-तीन एकरवाल्या, घरापुढच्या अंगणाशिवाय जागा नसलेल्या आणि मळणीची मजुरी चार दिवसांत द्यायची असलेल्या शेतकऱ्याला निम्मा माल विकून निम्मा वाळवून ठेवणं कसं जमेल?’ लांबलचक आहे, चालेल. तपासायच्या तीन कसोट्या: यात एक ठरावीक माणूस दिसतो का? उपाय प्रश्नातच दडवलेला नाही ना? आणि हे वाक्य गावात वाचून दाखवलं तर तो माणूस “हां, असंच हाय” म्हणेल का? तिसरी कसोटी खरोखर गावात जाऊनच घ्यायची.

टोयोटामुळे प्रसिद्ध झालेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत इथे उपयोगी पडते, पण ती टिपणांवर चालवा. समोरच्या काकांना सलग पाच वेळा ‘का’ विचारलं तर ती पोलीस चौकशी होते.

जुने प्रश्न पुसू देऊ नका. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे तारखेसह एकाखाली एक भिंतीवर राहिले पाहिजेत. गुण देताना हाच कागद लागतो.

कल्पना: आधी एकट्याने, मग मिळून

अ‍ॅलेक्स ऑस्बर्नने १९५३ च्या सुमारास ब्रेनस्टॉर्मिंगचे, म्हणजे गटात बसून कल्पना काढण्याचे, नियम लोकप्रिय केले: टीका नको, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. येल विद्यापीठात १९५८ मध्ये प्रयोग झाला, तर वेगवेगळं बसून विचार केलेल्या तेवढ्याच माणसांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या गटापेक्षा जास्त भरल्या. आपल्या वर्गात तर दोन बोलकी पोरं आणि ‘सर काय म्हणतील’ ही भीती असते. म्हणून आधी पंधरा मिनिटं प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठ्यांवर लिहायचं, नावं न घालता. मग सगळ्या चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या. तेवढा वेळ तुम्ही वर्गाबाहेर चहा घ्या.

निवडीला एकच चाळणी: पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत, गटाच्या खिशातल्या पैशांत, एका घरी करून बघता येईल का?

नमुना बनवणं आणि वापरायला देणं

थर्माकोलची मॉडेलं बंद करा. ती प्रदर्शनासाठी असतात. नमुना म्हणजे एका शंकेचं उत्तर मिळवण्यापुरती उभी केलेली गोष्ट.

आपल्या गटाला शंका आहे की मोंढ्यावर जाण्याआधी ओलाव्याचा अंदाज घरीच आला तर शेतकरी थांबेल का. मशीन विकत घ्यायची गरज नाही. झाकणाच्या कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा दाणे आणि तव्यावर भाजून कोरडं केलेलं दोन-तीन चमचे मीठ घाला, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. ही कसोटी १२ आणि १४ मधला फरक सांगत नाही, त्यामुळे तोच नमुना आडतीवरच्या मशीनवरही तपासून दोन्ही निकाल वहीत लिहायचे. दुसरी शंका तारणाच्या कागदपत्रांची असेल तर वर्गातच काउंटर मांडा. एक विद्यार्थी शेतकरी, एक कारकून, खरा अर्ज हातात. अर्ज कुठे अडतो ते वीस मिनिटांत दिसतं. फोनवरून सल्ला देणारी सेवा सुचवली असेल तर अ‍ॅप बनवायच्या आधी एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर चालू करा आणि पलीकडे विद्यार्थीच बसवा. पहिल्या आठवड्यात किती जण खरंच विचारतात ते बघा.

चाचणीत मोठा अडथळा असतो आपल्याकडचा पाहुणचार. कॉलेजची पोरं उन्हातान्हात आली, चहा पाजला, आता त्यांच्या वस्तूला वाईट कोण म्हणेल? “चांगलंय की” हे उत्तर म्हणून धरायचंच नाही. वस्तू हातात द्यायची, सूचना कमीत कमी, आणि हात काय करतात ते बघायचं. बाटली उलटी धरली, मीठ ओलं घातलं, मध्येच पोराला हाक मारून विचारलं, हे सगळं लिहायचं. मग वस्तू तिथेच ठेवून निघायचं आणि चार दिवसांनी जायचं. धूळ बसली असेल तर तोही निकाल, आणि नापसंतीपेक्षा जास्त बोलका. निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय सादरीकरणाला परवानगी देऊ नका.

गुण कशाला द्यायचे

इथे ढिलाई झाली तर सगळं सत्र फुकट. सुंदर पीपीटीला गुण मिळतात हे मुलांना कळलं की ती पीपीटीच करतात. १०० गुणांत निरीक्षण वहीला ३०, प्रश्न कसा आणि कशामुळे बदलला याला २५, नमुन्याच्या फेऱ्यांना २०, तोंडी परीक्षेला १५ आणि सादरीकरणाला १०, अशी वाटणी ठेवा. उपाय यशस्वी झाला का, याला वेगळे गुण नकोत. फसलेल्या नमुन्याचं कारण पुराव्यासह सांगणारा गट चाललेल्या नमुन्याच्या गटापेक्षा वर जाऊ शकतो, हे पहिल्याच तासाला जाहीर करा.

तोंडी परीक्षेत प्रत्येकाला वेगळं बोलवा आणि त्याच्याच वहीतलं एखादं वाक्य वाचून विचारा: हे कुणी, कुठे बसून म्हटलं? पुढे तुम्ही काय विचारलं? घरी बसून लिहिलेली वही इथे दोन मिनिटांत उघडी पडते. चॅटजीपीटीकडून आलेल्या मुलाखतीही, कारण त्यांतली माणसं फारच नीटनेटकी बोलतात.

‘यात थिअरी कुठाय?’ असं विभागात कुणी विचारलंच तर वहीतल्या उजव्या रकान्यात रिटेल-वेबर कसे वापरले ते एक पान लिहून घ्या. बाह्य परीक्षकाला सादरीकरणाआधी दोन वह्या वाचायला पाठवा. त्याचे प्रश्न मग उपायाच्या खर्चावर अडकत नाहीत.

सत्र संपल्यावर गट ज्या घरी गेला तिथे परत जातो, काय सापडलं ते दहा मिनिटांत सांगतो, फोटो काढले असतील तर प्रती देतो. वह्या विभागात राहतात. पुढच्या तुकडीने तोच विषय घेतला तर त्यांची सुरुवात या वह्यांतल्या शेवटच्या प्रश्नापासून करायची. गावंही शक्यतो तीच ठेवा, फक्त आळी बदला.